बंडीला ओंगण, गाडीला ऑईल



मागच्या मे महिन्यात आम्ही अल्लीपूरला बहिणीकडे मुक्कामाला गेलो होतो. हिंगणघाट तालुक्यातले हे चांगले मोठे गाव. काळी जमीन, कापसाचा मुलूख आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर. एरवी स्टँडवर उतरलो की भाचा गाडी घेऊन हजर असतो. या वेळी तो आला नाही. उन्हातून पायी घर गाठले, तर अंगणातल्या कडुनिंबाखाली त्याची पांढरी गाडी उभी. बोनेट उघडे, चाकांना दगड लावलेले आणि इंजिनच्या जागी नुसता खड्डा. इंजिन हिंगणघाटला एका मिस्त्रीकडे उघडून पडले होते.

बहिणीने पाण्याचा गडवा हातात दिला आणि म्हणाली, “भाऊ, गाडी बसली. हप्ता मात्र बसत नाही.”

दोन वर्षांपूर्वी भाच्याने ही टॅक्सी परवान्याची जुनी पेट्रोल गाडी घेतली. थोडे पैसे बहिणीने पै-पै करून जमवलेले, बाकीचे कर्ज. कधी लग्नाचे वऱ्हाड, कधी वर्ध्याचे कोर्टकचेरीचे काम, कधी दवाखान्याचे पेशंट. पोरगा कष्टाळू. व्यसन नाही, गाडी रोज धुणार, टायरची हवा पाहणार, पेट्रोलचा हिशेब वहीत लिहिणार. तरीही इंजिन बसले. कशामुळे? ऑईलमुळे.

एका रात्री गावातल्या अडलेल्या बाळंतिणीला घेऊन तो सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात गेला होता. तिला तिथे सुखरूप पोचवले. परतीच्या वाटेवर डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला, मग इंजिनातून खटखट असा आवाज येऊ लागला आणि थोड्या वेळात गाडी जागेवर थांबली. सकाळी ट्रॅक्टरने ओढत गावात आणावी लागली.

“मामाजी, लाल बत्ती तर आठ दिवसांपासून वळणावर लुकलुक करत होती,” भाचा सांगत होता. “मले वाटलं वायरिंगचा लोच्या असंन. गाडी तर चालून राहिली होती!”

मिस्त्रीने चेंबर खोलला. जिथे तीन लिटरच्या वर ऑईल असायला हवे, तिथे लिटरभरही नव्हते. होते ते काकवीसारखे घट्ट आणि काळे. चेंबरच्या नटाचे वायसर झिजले होते, तिथून थेंब थेंब गळत होते. गाडी घेतल्यापासून ऑईलची पट्टी एकदाही कोणी बाहेर काढून पाहिली नव्हती. मिस्त्रीने ‘फुल इंजिन’चा अंदाज दिला पस्तीस हजार. ऑईल आणि फिल्टर वेळेवर बदलले असते तर दीड-दोन हजारांत भागले असते. वर गाडी उभी राहिली त्या दिवसांची कमाई बुडाली ती वेगळीच.

पैशाचे दुःख एकीकडे. आमच्या मनात दुसरीच गोष्ट घर करून बसली. गाडी परतीच्या वाटेवर बसली म्हणून निभावले. जाताना बसली असती तर? त्या अंधाऱ्या रस्त्यावर त्या माउलीचे काय झाले असते? म्हणून या वेळचे पान आम्ही या एकाच विषयाला द्यायचे ठरवले. आपल्या समाजातले कितीतरी तरुण आज टॅक्सी, मालवाहू गाडी, काळी-पिवळी चालवून घर चालवतात. त्यांनी हे वाचावेच; पण त्यांच्या आया-बहिणींनी आणि घरधनिणींनी आधी वाचावे. का, ते शेवटी कळेल.

बंडी कुरकुरते, इंजिन कुरकुरत नाही

आमचे वडील सालदार होते. बंडी मालकाची, पण ओंगण वडिलांच्या हातचे. कापूस भरून बाजाराला निघायचे म्हटले की आदल्या संध्याकाळी ते चाक थोडे बाहेर ओढत आणि आसाला एरंडेलाचे ओंगण चोपडत. बंडीला ओंगणाची बांबूची नळी कायम लटकलेली असे. कधी विसर पडलाच तर बंडी स्वतःच कुरकुरायची. अर्ध्या कोसावरून आवाज ऐकू येई आणि लोक म्हणत, “अरे, बंडी ओंगण मागून राहिली.”

मोटारीचे इंजिन असे मागत नाही. तिथेच सारा घोटाळा आहे. ऑईल कमी असले तरी गाडी सुरू होते, पळते, वेगही घेते. आवाज येतो तेव्हा आतले बेरिंग घासून गेलेले असते. म्हणजे बंडी आधी कुरकुरते आणि मग मोडते. इंजिन आधी मोडते आणि मग कुरकुरते. म्हणून इंजिनच्या बाबतीत कानावर विसंबून चालत नाही, डोळ्यांनी पाहावे लागते. या लेखाचे सगळे सार एवढेच आहे.

एरंडेलाचे आणि मोटारीचे नातेही जुने आहे. कॅस्ट्रॉल हे नाव सर्वांनी ऐकले असेल. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील वेकफिल्ड कंपनीने आपल्या मोटार ऑईलमध्ये एरंडेल घातले. एरंडीला इंग्रजीत कॅस्टर म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. वडिलांच्या बांबूच्या नळीतले ओंगण आणि दुकानातला चकचकीत डबा ही लांबची भावंडेच म्हणायची.

आणखी एका माणसाची ओळख इथे करून दिली पाहिजे. त्याचे नाव एलायजा मॅकॉय. आईवडील अमेरिकेतील केंटकीमध्ये गुलाम होते. ते तिथून पळून कॅनडात गेले आणि तिथे १८४४ च्या सुमारास हा मुलगा जन्मला. आईवडिलांनी त्याला स्कॉटलंडला पाठवले. तो यंत्रांचे शिक्षण घेऊन आला, पण अमेरिकेत काळ्या माणसाला इंजिनिअरची नोकरी कोण देणार? रेल्वेत त्याला काम मिळाले ते इंजिनात कोळसा टाकण्याचे आणि यंत्राला तेल देण्याचे. त्या काळी आगगाडी जागोजागी थांबवून हाताने तेल द्यावे लागे. मॅकॉयने ते काम करता करता डोके चालवले आणि इंजिन चालू असतानाच थेंब थेंब तेल सोडणारे पात्र तयार केले. १८७२ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. पुढे आयुष्यात त्याने पन्नासहून अधिक पेटंटे मिळवली. मुंबईहून निघालेली रेल्वे आपल्या नागपूरला पोचली ती १८६७ साली, म्हणजे काळ साधारण तोच. ज्याच्या हाती तेलाची बुधली दिली, त्यानेच तेलाचा विचार सर्वांत खोल केला. तेलाचे काम हलके नव्हे, हे त्याच्याकडून शिकावे.

ऑईल आत करते काय?

गाडी साधारण वेगाने चालते तेव्हा इंजिनचा मुख्य दांडा मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे घेतो. दांडा आणि बेरिंग यांच्यामध्ये ऑईलचा केसाहूनही पातळ असा पडदा असतो. धातूवर धातू टेकू न देणे हे ऑईलचे पहिले काम. दुसरे, आतली उष्णता वाहून नेणे. तिसरे, जळालेल्या इंधनाची काजळी आणि धातूची कीस आपल्या अंगावर घेऊन ती फिल्टरपर्यंत पोचवणे. चौथे, पिस्टनच्या रिंगांपाशी फट बुजवून इंजिनचा दम टिकवणे. पाचवे, आत गंज चढू न देणे.

एवढी कामे करून ऑईलही थकते. उष्णतेने ते घट्ट होते, त्यात मिसळलेली औषधे संपतात, मळ साठत जातो. म्हणून नुसती भर घालणे पुरेसे नाही. घरातल्या माठाचे उदाहरण घ्या. तळाला गाळ साचला असताना वरून नवे पाणी ओतत राहिलो तर पाणी शुद्ध होईल का? माठ रिकामा करून धुवावाच लागतो.

पट्टी कशी पाहावी

हे काम दोन मिनिटांचे आहे. हत्यार लागत नाही. एक स्वच्छ सुती फडके तेवढे हवे.

गाडी सपाट जागी उभी करावी. उतारावर पाहिले तर माप चुकते. सकाळी गाडी सुरू करण्याआधी पाहणे सोपे. गाडी नुकतीच बंद केली असेल तर पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर चढलेले ऑईल चेंबरमध्ये उतरते. बोनेट उघडल्यावर इंजिनपाशी बहुधा पिवळ्या किंवा केशरी कडीची पट्टी दिसते. ती बाहेर काढावी, पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग परत काढून पाहावी. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर विश्वास ठेवू नये. टोकाला दोन खुणा असतात. ऑईल त्या दोन खुणांच्या मध्ये हवे. वरच्या खुणेजवळ असले तर उत्तम. खालच्या खुणेच्या खाली गेले असेल तर भर घातल्याशिवाय गाडी हलवू नये.

भर घालताना घाई करू नये. पाव लिटर घालावे, थोडे थांबावे, पुन्हा पट्टी पाहावी. पुष्कळ छोट्या गाड्यांत दोन खुणांमधले अंतर सुमारे एका लिटरचे असते. ‘जास्त घातले तर जास्त चांगले’ असे काही जण समजतात, ते चूक. ऑईल वरच्या खुणेच्या वर गेले तर फिरता दांडा त्याला घुसळतो, फेस होतो, सील गळू लागतात आणि धूर निघतो.

माप पाहिले की रंग आणि वासही पाहावा. डिझेल गाडीचे ऑईल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते. त्याला घाबरू नये. ऑईल काजळी धरून ठेवते आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण ऑईल चहासारखे दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. अशी गाडी चालवू नये, मिस्त्रीला दाखवावी. पेट्रोलचा उग्र वास आला, बोटाला खर लागली किंवा चकाकती कीस दिसली तरी दाखवावे. आणि दर आठवड्याला ऑईल कमी होत असेल तर ते कुठे तरी जात आहे. गाडीखाली रात्री पुठ्ठा टाकून ठेवावा. सकाळी डाग दिसला तर गळती आहे. डाग नाही आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, तर इंजिन ऑईल खात आहे.

भाड्याची गाडी असेल तर आठवड्यातून एकदा पट्टी पाहावीच. घरची गाडी असेल तर पंधरा दिवसांनी आणि लांबच्या प्रवासाआधी. ऑक्टोबरात दीक्षाभूमीला जायला गावोगावच्या गाड्या निघतात, त्यात माणसेही भरपूर असतात. निघण्याच्या आदल्या दिवशी पट्टी आणि टायर दोन्ही पाहावे. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तो आपल्या वर्धा जिल्ह्यातूनच जातो. तिथे तासन्‌तास एका दमात गाडी पळते आणि उन्हाळ्यात रस्ताही तापलेला असतो. कमी ऑईलवर त्या रस्त्याला लागणे म्हणजे उपाशी माणसाला धावायला लावणे.

बदलावे केव्हा?

याचे खरे उत्तर गाडीच्या पुस्तिकेत असते. जुनी गाडी घेताना आपण कागदपत्रे मागतो, पुस्तिका मागत नाही. मागावी. आजच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असा नियम असतो. जुन्या गाड्यांना पाच हजारांवर बदलण्याची पद्धत होती.

‘जे आधी येईल ते’ या चार शब्दांकडे नीट लक्ष द्या. एका वाचकबंधूंनी आम्हाला सांगितले, “आमची गाडी वर्षभरात दोन हजारच चालली, मग ऑईल कशाला बदलू?” यातच फसगत होते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून पाणी टपकते, ते हेच. यातली बरीचशी वाफ बाहेर जाते, पण थोडी रिंगांच्या फटीतून चेंबरमध्ये उतरते. गाडी अर्धा-पाऊण तास चालली तर ऑईल चांगले तापते आणि ही वाफ उडून जाते. पण घरून स्टँडवर, स्टँडवरून बाजारात, अशी दोन-तीन किलोमीटरची ये-जा असेल तर ऑईल पुरते तापतच नाही. पाणी आणि न जळालेले पेट्रोल आतच राहते आणि ऑईल नासते. म्हणजे कमी चालणाऱ्या गाडीचे ऑईलही वर्षाच्या आत बदलायला हवे.

पुस्तिकेत आणखी एक कोपरा असतो, ‘कठीण परिस्थिती’चा. धूळ, कडक ऊन, छोट्या फेऱ्या, जास्त वजन, इंजिन चालू ठेवून तासन्‌तास उभे राहणे, असे काही असेल तर ऑईल लवकर बदलावे, असे तिथे लिहिलेले असते. अल्लीपूरच्या गाडीला यातले काय लागू नाही? कापसाच्या हंगामातली धूळ आहे, मे महिन्याचे ऊन आहे, सवारी भरेपर्यंत इंजिन चालू ठेवून उभे राहणेही आहे. उभ्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत, पण ऑईलचे वय वाढते. म्हणून आपल्याकडच्या भाड्याच्या गाडीने दहा हजारांची वाट पाहू नये. पुस्तिकेतला कठीण परिस्थितीचा आकडा पाळावा. तो मिळत नसेल तर पाच हजारांवर बदलावे. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टरही झटकून-बदलून घ्यावे. तिथून शिरलेली धूळ शेवटी ऑईलमध्येच जाते.

ऑईलबरोबर ऑईल फिल्टर बदलावे. ‘फिल्टर पुढच्या वेळी’ असे सांगणारे भेटतात. जुन्या फिल्टरमध्ये जुने घाण ऑईल अडकलेले असते, ते नव्यात मिसळते. आंघोळ करून मळका सदरा घातल्यासारखेच ते. चेंबरच्या नटाचे वायसरही नवे घालून घ्यावे. भाच्याची गाडी त्या काही रुपयांच्या वायसरपायीच बसली.

डब्यावरची अक्षरे

डब्यावर २०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० असे काही लिहिलेले असते. यातले ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीत ऑईल किती सहज वाहते ते सांगतो. आकडा जितका लहान तितके ते थंडीत लवकर पसरते. दुसरा आकडा तापल्यावर ते किती दाट राहते ते सांगतो. जुन्या पेट्रोल गाड्यांत २०डब्ल्यू-४० सर्रास चाले. नव्या गाड्यांच्या वाटा बारीक असतात, त्यांना ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० असे पातळ ऑईल सांगितलेले असते. ‘आपल्याकडे ऊन जास्त, म्हणून जाड ऑईल घाला’ असे कोणी म्हणाले तरी पुस्तिकेबाहेर जाऊ नये.

दुसरी खूण एपीआय या तीन अक्षरांनंतर असते. एस या अक्षराने सुरू होणारी खूण पेट्रोल गाडीची, सी ने सुरू होणारी डिझेलची. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांतल्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. चुकीच्या ऑईलने ती तुंबते आणि तिची दुरुस्ती महागात पडते. तिथे तर पुस्तिकेतले ऑईलच घालावे.

मोटारसायकलचे ऑईल वेगळे. बहुतेक मोटारसायकलींत तेच ऑईल गियरला आणि क्लचलाही लागते, म्हणून डब्यावर जासो एमए ही खूण पाहावी. गाडीचे ऑईल त्यात घातले तर क्लच घसरू शकतो. मोटारसायकलमध्ये ऑईल जेमतेम लिटरभर, काहींत त्याहून कमी असते. म्हणजे पाव लिटर कमी झाले तरी चौथा हिस्सा गेला! ती मधल्या स्टँडवर सरळ उभी करून माप पाहावे. काही गाड्यांत पट्टीचे झाकण न फिरवता नुसते टेकवून पाहायचे असते. तेही पुस्तिकेत दिलेले असते.

सुटे ऑईल पिंपातून घेऊ नये. सीलबंद डबा आपल्यासमोर फोडून घ्यावा, बिल घ्यावे. आणि रिकामा डबा तसाच सोडू नये, त्याला भोक पाडावे. चांगल्या कंपनीच्या रिकाम्या डब्यात भलतेच ऑईल भरून विकणारे असतात. आपला डबा त्यांच्या कामी येऊ नये.

लाल दिवा म्हणजे आठवण नव्हे

डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीचे लाल चित्र असते. चावी फिरवली की ते लागते आणि इंजिन सुरू झाल्यावर काही क्षणांत विझते. चावी फिरवल्यावर ते लागतच नसेल तर दिवा किंवा वायर गेली आहे. ती आधी दुरुस्त करावी, नाहीतर संकटात सांगणारे कोणीच उरत नाही.

चालत्या गाडीत हा दिवा लागला, नुसता वळणावर लुकलुकला तरी, बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावे. ‘घरापर्यंत जाईल’ म्हणू नये. पेट्रोलचा काटा खाली आला तर गाडी थोडी दूर जाते. ऑईलचा दिवा तसा नाही. तो लागला याचा अर्थ आतला दाब गेला आहे आणि धातू धातूला लागत आहे. पट्टी पाहावी, भर घालून दिवा विझतो का ते पाहावे. विझला नाही तर ओढून न्यावी. ओढून नेण्यात लाज नाही. पुढे जाण्यात पस्तीस हजार आहेत.

काळे ऑईल टाकावे कुठे?

खेड्यात वापरलेल्या ऑईलला हजार उपयोग सांगतात. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावतात, ते एक वेळ समजू. पण गुरांच्या जखमेला, स्वतःच्या खरजेला कोणी लावत असेल तर थांबवा. या काळ्या ऑईलमध्ये जळालेल्या इंधनाची विषारी द्रव्ये आणि धातू असतात. कातडीला ते सतत लागत राहिले तर कर्करोगाचाही धोका असतो. आपली बरीच पोरे गॅरेजमध्ये काम करतात. त्यांनी हातमोजे घालावेत, हात पेट्रोलने नव्हे तर साबणाने धुवावेत, ऑईलचे फडके खिशात ठेवू नये आणि तेच कपडे घालून लेकराला कडेवर घेऊ नये.

नालीत, विहिरीजवळ, शेताच्या बांधावर तर ते मुळीच ओतू नये. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा हिशेब असा, की एका गॅलन वापरलेल्या ऑईलने दहा लाख गॅलन गोडे पाणी नासू शकते. पाण्याची किंमत आपल्या माणसांना कोणी शिकवायला नको. आपल्या देशात २०१६ च्या नियमांनी वापरलेले ऑईल घातक कचऱ्यात धरले आहे. घरी ऑईल बदलले तर ते झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे. तिथून ते शुद्ध करून पुन्हा वापरणाऱ्या नोंदणीकृत कारखान्यांकडे जायला हवे.

भिंतीवरचे कॅलेंडर

पावसाळ्यात आम्ही पुन्हा अल्लीपूरला गेलो. या वेळी भाचा स्टँडवर गाडी घेऊन हजर होता. इंजिनचा आवाज गोड होता. घरी पोचलो तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी पेन्सिलची एक बारीक खूण दिसली आणि एका तारखेपाशी किलोमीटरचा आकडा लिहिलेला होता. खाली बहिणीच्या वळणदार अक्षरात : ‘ऑईल, फिल्टर, वायसर.’

“हे कोण लिहिते?” आम्ही विचारले.

भाचा हसला. “आई लिहिते. दर रविवारी पट्टीही तीच काढते, मामाजी. मले हातच लावू देत नाही.”

बहीण चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, “पोरगा रात्री-बेरात्री पेशंट घेऊन जाते. मी घरी बसून नुसती काळजी करत होती. काळजीनं इंजिन चालत नाही. आता रविवारी पट्टी पाहिली की आठ दिवस झोप लागते.”

मग हात पुसत बाहेर आली आणि सहज बोलून गेली, “बंडीचं ओंगण बाबा पाहात होते, भाऊ. गाडीचं मी पाहाते.”

वाचक हो, तुमच्या दारात गाडी असो की मोटारसायकल, येत्या रविवारी एक सुती फडके हाती घ्या आणि पट्टी काढून पाहा. आणि कॅलेंडरवर पेन्सिलची पहिली खूण करा.